चकचकीत राहिलेल्या कात्र्या

कात्री ही वस्तू मला अजूनही आवडत नाही. शिवणाची असो, नखांची असो, समोर दिसली की डोकं फिरतं. माझी भाची ती फळीवर मागे सरकवून ठेवते आणि पोरांना सांगते, आजीला लहर आहे. लहर नाही. त्यामागे कर्जतच्या तीन सुईणी आहेत आणि एका कमिटीशी झालेलं भांडण आहे, जे माझ्या बाजूनं अजून मिटलेलं नाही. कमिटीच्या बाजूनं ते कधी सुरूच झालं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं.

मी मिडवाईफ होते. म्हणजे परीक्षा देऊन बाळंतपणं करणारी. परीक्षा न देता करते ती सुईण. दोघींत फरक एवढाच की कर्जत-खालापुरात त्या काळी कळा सुरू झाल्या की लोक सुईणीला बोलवायचे, आणि सगळं हाताबाहेर गेलं की मिडवाईफला. घाटात विजेची इंजिनं नुकतीच लागली होती, स्टेशनात खांब उभे राहिले होते. पण स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर मूल जन्मायचं ते अंधाऱ्या खोलीत, आणि नाळ तुटायची ती गवत कापायच्या विळ्यानं.

माझी आई सुकट-बोंबील विकायची. पनवेलहून टोपली घेऊन चौक, खालापूर, कर्जत असे बाजार करायची. मी टोपलीशेजारी वाढले. तिथं एक गोष्ट शिकले, ती पुढं कुठल्या हॉस्पिटलात कुणी शिकवली नाही. गिऱ्हाईक काय मागतं याला फार किंमत द्यायची नाही. ते काय अजिबात घेणार नाही, हे आधी ओळखायचं. मग उरलेल्या मालाचा सौदा करता येतो. लग्न झालं, नवरा आगबोटीवर गेला तो गेलाच. मी मुंबईला एका हॉस्पिटलात आया म्हणून लागले. फरशी पुसता पुसता अक्षरं उचलली, खाटांवरच्या पाट्या वाचायला लागले, मेट्रनशी भांडून नर्सिंगच्या वर्गात बसले. मला कुणी शिकवलं असं मी म्हणत नाही. मी घासाघीस करून शिक्षण घेतलं.

कमिटी मुंबईतल्या बायकांची होती. चांगल्या घरच्या, चांगल्या मनाच्या. त्यांनी ठरवलं की खेड्यातल्या सुईणींना शास्त्र शिकवायचं. त्यासाठी मला कर्जतला पाठवलं, बरोबर एक ट्रंक. ट्रंकेत रंगीत तक्ते, एक कापडी बाहुली, बारा नियमांचा छापील कागद आणि सुईणींसाठी पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यात कात्री, दोरा आणि साबणाची वडी. शिकवून झालं की मुंबईहून डॉक्टरीणबाई येऊन तोंडी परीक्षा घेणार, पास होईल तिला पितळेचा बिल्ला. पास झाल्या नाहीत तर वर्ग बंद.

वर्ग बाजाराच्या दिवशी, सरकारी दवाखान्याच्या मागच्या पडवीत. बाजाराला सगळ्यांना यावंच लागतं, म्हणून तो दिवस मी निवडला. कमिटीला रविवार हवा होता. रविवारी कोण येणार होतं? खालापूरच्या वर्गाला रविवारच दिला होता, तो तिसऱ्या आठवड्यात मोडला.

सुरुवातीला बऱ्याच आल्या, मग गळत गळत तीन उरल्या. सखूबाई कर्जत गावातली. मास्तर, वकील, कारकून यांच्या घरची बाळंतपणं तिच्या सासूपासून तिच्याकडे चालत आलेली. लुगड्याला सुरकुती नाही, बोलण्यात मध. मी काहीही सांगितलं की म्हणायची, "व्हय बाई, आमी तसंच करतो." दुसरी नेरळची अमीनाबी. तिचा नवरा माथेरानला घोडी चालवायचा आणि घोड्यासुद्धा विण्याच्या वेळी अमीनाबीच्याच हवाली व्हायच्या. ती म्हणायची, "बाईपेक्षा घोडी बरी. तिची सासू दारात बसून हुकूम सोडत नाय." तिसरी बुधी, पोशीरच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकूरवाडीतली. काटक, कमी बोलणारी. सुनेबरोबर लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला उतरायची, मोळ्या विकून मीठ घ्यायची आणि मग वर्गाला यायची. तिला सगळे बुधीआय म्हणायचे. ती सगळ्यांना "तू" म्हणायची, मलाही.

सखूबाईनं पहिल्याच दिवशी बुधीला पडवीच्या पायरीवर बसायला लावलं. मी सखूबाईला झापलं. ती उठून घरी गेली. पुढच्या बाजाराला मी तिच्या दारात जाऊन तिची समजूत काढली आणि बसायची जागाच बदलली. बाहेर चिंचेखाली, गोल. पडवीला वरची बाजू असते, खालची असते. गोलाला कुठली बाजू वरची ते सखूबाईला ठरवता येईना. कमिटीनं धाडलेली बाकं शेवटपर्यंत दवाखान्याच्या भिंतीला उभी होती.

मग मी तक्ता लावला. बाईचं पोट उभं कापून आत मूल दाखवलेलं, डोकं खाली. रंग मोठे सुंदर होते. तिघी बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, रमल्या.

बुधीनं विचारलं, "ही कंदी मेली?"

"मेली नाही. चित्र आहे ते."

"पोट फाडलंय की. जित्या बाईचं पोट कोन फाडतं?"

सखूबाई उठून उभी राहिली. "बाई, माजी लेक बाळंतपणाला घरी आलीय. हे असलं बघून मी घरी कशी जाऊ?" अमीनाबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ओठातल्या ओठात काही म्हणायला लागली.

आमच्याकडे गरोदर बाई मेली तर पुढचे संस्कार करण्याआधी तिच्या पोटातलं मूल वेगळं करायची चाल होती. उघडं पोट त्यांनी तेवढ्याच वेळी पाहिलेलं. ज्यानं ते चित्र काढलं त्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी तक्ते गुंडाळले ते परत सोडले नाहीत.

मग पाठांतर करून पाहिलं. सखूबाईनं बारा नियम दोन आठवड्यांत घडाघडा म्हणून दाखवले. त्याच आठवड्यात तिनं एका मास्तरांच्या घरी बाळंतपण केलं आणि त्या बारातला एकही पाळला नाही. मला त्या घरातूनच कळलं. अमीनाबी चौथा नियम सातव्यात मिसळायची आणि स्वतःच हसत सुटायची. बुधी तोंड उघडायची नाही. पाठांतरानं जीभ शिकते, हाताला त्याचा पत्ता नसतो. मग कापडी बाहुली काढली. अमीनाबी म्हणाली, "एवढं कोरडं पोर कुठं असतं गं?" तिचं खरं होतं. मी बाजारात गेले, चांगला लांब दुधी आणला, त्याला खोबरेल चोपडलं आणि म्हटलं, हे मूल, पाय आधी येतायत, धरा. दुधी अमीनाबीच्या हातातून दोनदा सटकला, सखूबाईच्या मांडीवर आपटला, लुगड्याला तेल. बुधीनं तो असा अलगद फिरवून घेतला की आम्ही बघत राहिलो. त्या दिवशी वर्ग सुटला तरी कुणी उठेना.

पण मला हवं होतं ते पोटातलं मूल बाहेर कसं काढायचं हे नव्हतं. ते त्यांना येत होतं. मला हवं होतं ते आठव्या दिवसाचं.

बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. नाळ कापताना लोखंड घाण असेल, किंवा कापल्यावर नाळेवर शेणाची राख लावली, तर बाळाला धनुर्वात होतो. मूल चांगलं जन्मतं, रडतं, पितं. सहा-सात दिवसांनी त्याचा जबडा मिटतो, दूध ओढता येत नाही, अंग ताठ होतं आणि ते जातं. त्यावर तेव्हा आमच्या हातात काहीच औषध नव्हतं. होऊ द्यायचं नाही, हाच उपाय होता.

हा विषय कसा काढायचा? तुमच्या हातून किती मुलं गेली, असं विचारलं तर तिघी मुक्या. सखूबाईच्या हातून म्हणे एकही नाही. मग मला टोपली आठवली. आपला माल नासका आहे हे कुणी सांगत नाही, शेजारणीचा विचारा. मी म्हटलं, "दुसऱ्या सुईणी काय चुका करतात त्या सांगा, म्हणजे मला त्यांना शिकवता येईल." बस्स. तिघींनी मिळून अख्ख्या तालुक्यातल्या सुईणींची सालं काढली. कोण नखं वाढवते, कोण राखेबरोबर तंबाखू लावते, कोण गंजका पत्रा वापरते. बोलता बोलता आठव्याची गोष्ट निघाली. प्रत्येकीनं पाहिलेलं. सखूबाई म्हणाली, "आठव्याला सटवाई नेते. तिनं नशीबच तेवढं लिवलेलं असतंय."

बुधी इतका वेळ काडीनं जमिनीवर रेघा ओढत होती. तिनं हनुवटीनं फाटकाकडं दाखवलं. तिथं तिची सून आंबी मिठाचं गाठोडं घेऊन बसली होती, पाचव्या-सहाव्या महिन्याचं पोट.

"माज्या घरात दोन नेली," बुधी म्हणाली. "दोनी मीच काडली व्हती. चांगली व्हती गं. आता ही तिसऱ्यानं हाय."

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मूल कुणाचंही गेलं तरी वाईटच, पण या मुलाची तारीख मला आधीच माहीत झाली होती. बाजाराच्या दिवशी आंबी फाटकात दिसली की मी आधी तिचं पोट बघायची आणि मग पुढचं बोलायची. मी तिघींना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कात्री उकळा, साबणानं हात धुवा, राख लावू नका. तिघींनी माना हलवल्या. सखूबाई म्हणाली, "व्हय बाई, आमी तसंच करतो."

भात झोडून झालं तेव्हा मी तिघींचे डबे मागवले आणि चिंचेखाली उघडले. तीनही कात्र्या नव्या नवरीसारख्या चकचकीत. दोऱ्याची गुंडी सुटलेली नाही. साबण मात्र तिघींचा संपला होता. अमीनाबीनं कबूल केलं, साबण चांगला होता, दुपट्टा झकास निघाला.

माझा आवाज मोठा आहे. स्टेशनातल्या इंजिनाच्या शिट्टीवरून तो ऐकू जातो असं दवाखान्याचे कंपाउंडर म्हणायचे. तो आवाज त्या दिवशी लागला. सखूबाईला लागला, अमीनाबीला लागला, आणि मग मी बुधीला म्हटलं, "तुझ्या घरातली दोन गेली. तिसरंही घालवायचंय का तुला?"

बुधीनं डबा खाली ठेवला. मिठाचं गाठोडं उचललं, आंबीला "चल गं" म्हटलं आणि गेली.

ते वाक्य खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. बाजारात ओरडल्यावर भाव खाली येतो. वर्गात ओरडल्यावर गिऱ्हाईक उठतं, एवढंच मला त्या दिवशी कळलं. पुढच्या बाजाराला बुधी आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी इंजिनं बघत स्टेशनावर उगाच चकरा मारायला लागले. आंबीचा महिना भरत आला असणार. शेवटी एके सकाळी उठले आणि नेरळची गाडी पकडली. नेरळहून पोशीरपर्यंत पेंढ्याच्या बैलगाडीत बसले.

गाडीवाल्यानं पोशीरला आपल्या घरापुढं गाडी सोडली आणि म्हणाला, "च्या घेऊन वर चढा, बाई. घरात पाचवी हाय." त्याची सून बाळंत झाली होती. मुलाच्या पाचव्या दिवशी सटवाई येऊन नशीब लिहिते, म्हणून पाट्यावर तिची पूजा मांडतात. मी आत डोकावले. पाट्यावर हळदकुंकू, फुलं, तांदूळ, आणि मधोमध एक विळा. तसाच, डाग पडलेला.

"हा विळा इथं कशाला?" मी विचारलं.

घरातली म्हातारी म्हणाली, "त्यानंच नाळ तोडली नव्हं. ते लोखंड पाचवीपावतर बाळातिणीच्या उशाला. आन् आज पुजेला."

"सुईण कोण होती?"

"नेरळची अमीनाबी."

मी उसळले. "तिच्याकडं कात्री आहे. मी दिलेली."

"व्हती की. तिनं काडली पन व्हती. आमीच नको म्हटलं. तिची कात्री आमी पाच दिस ठिवून घेतली तर ती बाकीच्या घरी काय घेऊन जाईल? आन् एका घरची पुजा झालेलं लोखंड दुसऱ्याच्या पोराला लावत नाय बाई. त्या घरचं नशीब ह्या घरात येतं."

मी मटकन ओट्यावर बसले. कमिटीनं सुईणीला कात्री दिली होती. पण लोखंड सुईणीचं असतच नाही. ते घराचं असतं. जन्मलेल्या मुलाचं असतं. पाच दिवस ते घराबाहेर जात नाही. एका सुईणीनं एक कात्री घरोघर फिरवायची ही कल्पना मुंबईत टेबलावर छान दिसत असेल, या गावात ती कुणालाच परवडणारी नव्हती. अमीनाबीनं हे मला सांगितलं नव्हतं, बुधीनं नव्हतं, सखूबाईनं तर नाहीच. मागाहून मी तिघींना विचारलं तेव्हा सखूबाई म्हणाली, "हे तर समद्यांना ठावं हाय. तुमी नवीन काय तरी सांगत व्हता, म्हटलं सांगू द्या."

चहा तसाच ठेवून मी वर चढले.

बुधी खळ्यावर नाचणी पाखडत होती. आंबी दारात, पोट खाली उतरलेलं. बुधीनं सूप न थांबवता विचारलं, "वरडायला आलीस?"

"सौदा करायला आले."

"माज्याकडं काय हाय सौद्याला?"

"लोखंड हाय. तुझ्याच घरचं. ते उशाला ठेव, त्याची पूजा कर, मी काही म्हणणार नाही. कात्री मी परत नेते."

सूप थांबलं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, तुझं काय काय राहील ते ऐक. दार लावून घ्यायचं ते घे. धूर करायचा तो कर. आंबीला उकिडवी बसव, शेक दे, काढा दे. कमिटीच्या बारा नियमांतले दहा तर तिथंच गेले. मी ते हसत हसत सोडले, कारण त्यानं कुणाचं मूल आठव्या दिवशी मरत नव्हतं. "मला फक्त दोन गोष्टी दे. राख नाही, आणि लोखंड उकळून."

"राख सोडनार नाय," बुधी म्हणाली. "नाळ वली ऱ्हाते. वली नाळ कुजते."

"राख लाव. पण गोवरीची नको. धुतलेलं फडकं घे, तव्यावर ठेव, काळं होईतोवर करपव. तीही राखच."

ती विचारात पडली. "फडक्याची राख."

"फडक्याची."

"गोवरीची थोडी वरून?"

"चिमूटभरसुद्धा नाही."

"लई ताणतीस गं तू."

"माझी आई माझ्याहून ताणायची."

फडक्याचं तिनं मान्य केलं. लोखंडाचं मात्र जमेना. विळा पाण्यात उकळायचा कशाला, त्याची धार जाईल, असं तिचं म्हणणं. मी जंतू म्हटलं नाही. ते तक्त्यावर होते आणि तक्ते मी गुंडाळले होते. मी विचारलं, "पाचवीला पूजेआधी बाळाला न्हाऊ घालता?"

"घालतो की."

"बाळंतिणीला?"

"तिलाबी."

"मग लोखंड तेवढं पारोसं का?"

पारोसं म्हणजे आंघोळ न केलेलं. आमच्याकडे पारोशानं देवाला शिवत नाहीत, चुलीला शिवत नाहीत. बुधीनं सूप बाजूला ठेवलं. मग आंबीकडं वळली. जणू मी तिथं नव्हतेच.

"आंबे, विळा पारोसाच बसवत व्हतो गं आपून. दोनी टायमाला."

आंबीनं पोटावरचा हात काढला नाही.

"आंगुळीच्या हंड्यात टाकीन," बुधी मला म्हणाली. "खदखदलं पायजे?"

"खदखदलं पाहिजे. तेही नाळ तोडायच्या आधी. आणि हातही पारोसे नकोत. तुझे, आंबीचे, कुणाचेच."

माझा पुढचा सगळा वर्ग त्या एका शब्दावर चालला. अमीनाबीला शब्द पसंत पडला नाही. तिनं आपला काढला. त्यांच्यात सहाव्या दिवशी छटी करतात आणि सुरी उशाला असतेच. ती म्हणाली, "मग सुरीला पन गुसल घालायची. माणूस पाक होतं तशी सुरी पाक." माझं काही बिघडलं नाही. गुसल म्हणा, आंघोळ म्हणा, पाणी खदखदल्याशी कारण. सखूबाई म्हणाली, "हे तर आमी पैल्यापासून करतो," आणि त्या दिवसापासून खरंच करायला लागली.

आंबी बाळंत झाल्याचा निरोप मोळ्या घेऊन आलेल्या बायकांनी आणला. मुलगी. मी लगोलग गेले. विळा उशाला होता, पात्याला पाण्याचे पुसट वण. तव्यावर काळ्या फडक्याचा तुकडा. मुलगी जोरात पीत होती. पण आधीची दोघंही अशीच पीत होती. मी परत कर्जतला आले आणि तिथं काही सुचेना. जेवायला बसले तरी नजर दाराकडं, वाडीतलं कुणी येतंय का.

अशात मुंबईहून पत्र आलं. डॉक्टरीणबाई परीक्षेला येणार, आणि दिवस नेमका बुधीच्या नातीच्या आठव्याचा. मी उलट टपालानं लिहिलं, चार दिवस पुढं ढकला. त्यांनी दिवस बदलला नाही. बुधीला निरोप धाडला तर तिचा उलट निरोप, "आठवा गेल्याबिगर मी हितून हालनार नाय."

डॉक्टरीणबाई आल्या, पडवीत खुर्चीवर बसल्या. सखूबाईनं बारा नियम न अडखळता म्हटले. बिल्ला मिळाला. अमीनाबीला विचारलं, कात्री कशात धुता? ती म्हणाली, "कात्री नाय बाई, घरची सुरी. तिला गुसल घालतो." बाई हसल्या आणि नापास लिहिलं. बुधी गैरहजर, म्हणून नापास. मग त्यांनी डबे उघडले आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा, किती स्वच्छ ठेवल्यात कात्र्या. वापरून इतक्या स्वच्छ म्हणजे कौतुक आहे."

माझं मन वाडीत होतं. तो जबडा आज मिटला असेल का, एवढंच डोक्यात चाललेलं. नाहीतर मी कदाचित गप्प बसले असते. "वापरल्याच नाहीत," मी म्हटलं. "एकदाही नाही. वापरणारही नाहीत." आणि मग पाचवी, विळा, पारोसं, सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आपण अंधश्रद्धा काढायला आलो आहोत, नर्स. तिला आंघोळ घालायला नव्हे."

"बाईसाहेब, तुम्ही मला बारा नियम देऊन पाठवलं. मी दोन खपवले. उरलेले दहा तुम्ही खपवून दाखवा, मी टोपली धरते."

टोपली हा शब्द त्यांना कळला नसावा. आवाज कळला. वर्ग बंद झाला, मला मुंबईला वॉर्डात पाठवलं. वर्षभरानं कमिटीच्या अहवालात वाचलं की कर्जत भागात सुईणींना कात्र्या वाटल्यामुळे अर्भकं वाचू लागली. पुढं त्या अहवालावरून इतर तालुक्यांतही कात्र्या गेल्या. कुठंकुठं गेल्या आणि कुठंकुठं चकचकीत राहिल्या, ते मी विचारत फिरले नाही. पण ती ओळ मला तोंडपाठ आहे. माझ्या नावाची मला हौस नव्हती. त्या विळ्याचं तरी नाव घ्यायचं.

तर त्या दिवशी परीक्षा आटोपली तशी मी कुणाला न सांगता स्टेशनावर गेले. गाडी उशिरा आली. नेरळला उतरले तर बैलगाडी नाही, पोशीरपर्यंत पायी. वाटेत पाय घसरून शेताच्या बांधावर पडले, हात चिखलात. तसेच लुगड्याला पुसले आणि वर चढले. उतरतं ऊन होतं. वाडीत शिरले तेव्हा कुणी रडत नव्हतं. पण ते पुरेसं नव्हतं, रडून झाल्यावरही वाडी शांत असते.

बुधीच्या घराचं दार लोटलेलं. मी ढकललं. आत चुलीशी आंबी बसली होती आणि तिच्या मांडीवर मुलगी. डोळे मिटलेले. तोंडही मिटलेलं. जबडा बघायचा तर बोट तोंडात घालून बघतात. बाळ ओढतं की नाही, लगेच कळतं. मी वाकले आणि बोट पुढं केलं.

बुधीनं माझं मनगट धरलं. घट्ट, काटक हात.

"पारोश्या हातानं?"

"बुधीआय, सोड. बघू दे मला."

"आदी हात धू. मंग बघ. कवापास्नं पितीया, आत्ता झोपलीया." तिनं मला दारातल्या हंड्याकडं वळवलं. "आन् नीट धू, कोपरापावतर. तूच सांगितलंस नव्हं."

परीक्षा कुणाची झाली आणि कुठं झाली हे मी कमिटीला कधी कळवलं नाही. पाणी ऊन होतं. मी हात धुतले, आणि बुधी शेजारी उभी राहून बघत होती.